टेप उलटताना

डोंबिवलीला दादाकडे रविवारी जेवायला गेलं की आमटीच्या आधी वाद उकळतो. या वेळी निमित्त झालं एका तिकिटाचं. माझ्या लेकीनं, ऋतानं, ठाण्यात पुढच्या शनिवारी होणाऱ्या मराठी स्टँडअपची तीन तिकिटं काढली होती, त्यातलं एक मामाचं. दादानं चष्मा कपाळावर ढकलून फोनवरचं तिकीट वाचलं, किंमत दोनदा वाचली आणि फोन परत देत म्हणाला, "दोन महिन्यांनी यूट्यूबवर फुकट येईल की."

दादा एकाहत्तर वर्षांचा, त्यातली पस्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी आणि परत. ऋता १९९९ची. दोघंही विनोदाचे भक्त. म्हणजे घरात तिसरं कुणी विनोद सांगायला लागलं की दोघांच्या कपाळावर सारखीच परीक्षकाची आठी पडते. देव मात्र वेगळे. त्या दुपारचं बोलणं आठवतं तसं लिहिते आहे. मी जिथे नाक खुपसलं तिथे ते तसंच राहू दिलंय.

ऋता : फुकट येईल, पण कार्यक्रम येणार नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ येईल.

दादा : शब्द तेच ना? माणूस तोच ना? वर मला पाय पसरून बसता येतं, ऐकू नाही आलं तर मागे नेता येतं, आणि पुढच्या रांगेतला उंच माणूस मध्ये येत नाही.

ऋता : आणि मध्येच थांबवून तू भाजी आणायला जातोस. परत येऊन उरलेलं हसतोस.

दादा : हसतो की! वॉकमन लावून डोंबिवली ते कुर्ला 'अंतू बर्वा' ऐकलाय मी, गर्दीत, एका पायावर. कुर्ल्याला उतरणारे ढकलायला लागले की बंद, पुन्हा शीवला चालू. बाजूचा माणूस विचारायचा, काय हो, काय झालं? मग एक कान त्याला द्यायचो.

ऋता : पण पु.लं.ना तू कधी बघितलंयस?

दादा : नाही. 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली १९६१ साली. मी तेव्हा पहिलीत होतो. पुढे कधी योग आला नाही. तरी चाळ मला पाठ आहे, ती रेकॉर्डिंगमुळे. आणि तू काय सांगतेस? १२ जून २००० ला पु.ल. गेले तेव्हा तुला दात येत होते. तुझ्या ओळखीचे पु.ल. म्हणजे नुसता आवाज. तो कुणी धरून ठेवला नसता तर तुला कोण ठाऊक झालं असतं?

ऋता : हे मान्य. पण 'पाठ आहे' म्हणालास ना, तिथेच माझी अडचण आहे. पाठ असलेल्या विनोदाला तू हसतोस, की नमस्कार करतोस?

दादानं यावर पुन्हा भात वाढून घेतला. आमच्या घरात वार बसल्याची ही खूण आहे.

दादा : भीमसेनांचा अभंग एकदाच ऐकतेस का? आवडलेली गोष्ट माणूस परत मागतो. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला गावोगाव जायचे, तेव्हा लोक ओरडून फर्माईश करायचे, 'व्यंकूची शिकवणी' सांगा! ऐकलेली, वाचलेली गोष्ट. शेवट काय ते पोरांनाही ठाऊक. तरी मांडव हसायचा. एकदा वापरून फेकायचा विनोद ही तुमच्या लोकांची पद्धत.

ऋता : फेकत नाहीत रे. उलट इतकं कुणी घासत नसेल. ओपन माइकला पाच मिनिटं मिळतात. एक बिट तिथे दहा वेळा पडतं, मग एखादा शब्द हलवतात, एखादा पॉज वाढवतात, अकराव्या वेळी लागतं. असं वर्षभर करून तासाभराचा माल तयार होतो. तो स्पेशल म्हणून एकदा ऑनलाइन टाकला की संपला. पुन्हा स्टेजवर तोच केला तर लोक म्हणतात, हे तर बघितलंय. म्हणून काही ठिकाणी आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात.

दादा : स्टिकर! आम्ही तर टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायचो. गणपतीच्या मांडवात. वायर स्टेजच्या बोर्डाला लावायची. कथाकार स्वतः म्हणायचे, जरा पुढे सरका, आवाज चांगला येईल.

ऋता : म्हणजे तू पायरसी करायचास.

दादा : तो शब्द तेव्हा डोंबिवलीला थांबत नव्हता.

इथे मला कबूल केलं पाहिजे की मन दादाकडे झुकत होतं. कार्यक्रमाला जाणं म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्यात राहणाऱ्यालाच कळतं. नाटकाची गोष्ट वेगळी. ठाण्याला गडकरी रंगायतन १९७८ पासून तलावपाळीला उभं आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. पण स्टँडअपचे अड्डे वाढले ते खार, अंधेरी, लोअर परळ असे. रात्री दहाचा कार्यक्रम, साडेअकराला बाहेर, मग दादरचा पूल, मग गाडी. मी हे बोलून दाखवल्यावर ऋता जरा गप्प झाली आणि मग तिनं जे सांगितलं ते मलाही नवीन होतं.

ऋता : एकदा खारला गेले होते, कल्याणच्या मैत्रिणीबरोबर. ती सारखी घड्याळ बघत होती. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना आम्ही उठलो. वाकून, लोकांच्या गुडघ्यांवरून. कॉमेडियननं स्टेजवरून विचारलं, कुठे निघालात? ही म्हणाली, कल्याण. अख्खा हॉल हसला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा.

दादा : आणि शेवट?

ऋता : शेवट नंतर व्हिडिओत बघितला.

दादा : बघ! कुणी वाचवलं?

ऋता : वाचवलं कसलं? जिन्यावरून उतरताना आतला जो आवाज ऐकला होता ना, छत उडेल असा, त्यासाठी मी तो व्हिडिओ लावला. आणि त्या जागेला व्हिडिओत नुसतं एक वाक्य होतं. बरं वाक्य होतं. पण मी एकटी होते आणि कणीक मळत होते.

दादा : म्हणजे वाक्यात दम नव्हता. गर्दीनं हसवलं. चारशे माणसांनी एकमेकांना हसवलं, त्याचं श्रेय तो घेऊन गेला. माझं म्हणणंच ते आहे. रेकॉर्डिंग ही विनोदाची परीक्षा. एकट्याला, दुपारी, भर उन्हाळ्यात हसवून दाखव.

हा मुद्दा मला त्या दुपारचा सगळ्यात पक्का वाटला आणि अजून वाटतो. पण 'कल्याण' म्हटल्यावर खारमधला हॉल हसला, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्यात विनोद कुठला होता? अंतर हाच विनोद होता. 'डोंबिवली' या शब्दाचंही तेच. मुंबईच्या हॉलमध्ये तो नुसता उच्चारला तरी काम भागतं.

ऋता : आणि तेच बिट त्यानं घरडा सर्कलला, आपल्या कलामंदिरात करून बघावं. इथे डोंबिवली म्हटल्यावर कुणी हसणार नाही. इथे नुसतं 'चौथी सीट' म्हणायचं.

दादा : (हसत) अर्धं ढुंगण आत, अर्धं बाहेर.

ऋता : बघ, तू जोकच्या आधी हसलास. तोच विनोद व्हिडिओसाठी करायचा म्हटलं की तो आधी समजावून सांगतो : मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो, त्याला म्हणतात चौथी सीट. झालं. मेला तो. दहा लाख लोकांनी बघायचं तर सगळ्यांना कळलं पाहिजे, मग सगळं चपटं होतं. शेजारची काकू सगळ्यांची काकू होते, तिचं गाव जातं, आडनाव जातं.

दादा : मग पु.लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीचा कसा राहिला? न्यू जर्सीत माझा नातू ऐकतो. त्याला रत्नागिरी ठाऊक नाही, कोर्ट-कज्जे ठाऊक नाहीत. हसतो. उरलेलं विचारतो. सगळ्यांना कळावं म्हणून चपटं करणारा तो कलाकार, त्यात टेपचा काय दोष? आणि मला सांग, तुला हा नाद लागला कुठून?

ऋता : (जरा वेळानं) फोनवरून. कॉलेजात होते तेव्हा. भाडिपाचे व्हिडिओ.

भाडिपा ही यूट्यूब वाहिनी सुरू झाली २०१६ साली, आणि मराठी पोरंपोरी मराठीत उभं राहून आपल्याच घरच्यांवर विनोद करताहेत, हे महाराष्ट्रातल्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं ते हातातल्या फोनवर. ऋतासारख्या शेकडो जणी व्हिडिओ बघून मग तिकिटं काढू लागल्या. ते तिला मान्य करावं लागलं, पण 'सुरुवात फोनवर, लग्न हॉलमध्ये' असं म्हणून तिनं बाजू सावरली.

मग मी बाबांचा विषय काढला. बाबांनी दादा कोंडक्यांचं 'विच्छा माझी पुरी करा' चार वेळा पाहिलं होतं. वसंत सबनिसांचं हे लोकनाट्य १९६५ साली आलं, आणि बाबा सांगायचे की चारही वेळा ते वेगळं होतं. सकाळच्या पेपरात जे असेल ते रात्री कोंडक्यांच्या तोंडी. नाटकवाले याला ॲडिशन घेणं म्हणतात. आशा भोसल्यांनी 'विच्छा' बघून भालजी पेंढारकरांना कोंडक्यांचं नाव सुचवलं आणि 'तांबडी माती'तून ते सिनेमात आले, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या ॲडिशन्स? संहिता छापलेली आहे. त्या मात्र हवेत गेल्या. तसंच 'वस्त्रहरण'चं. १९८० पासून मच्छिंद्र कांबळींनी मालवणीत जे जे पदरचं घातलं असेल, त्यातलं किती उरलं? ठाण्यातच २०१६च्या नाट्यसंमेलनाला 'वस्त्रहरण'चे लेखक गंगाराम गवाणकर अध्यक्ष होते. हे नाटक चार-पाच वेळा पाहिलेली माणसं आमच्या सोसायटीत सापडतील, आणि प्रत्येकाला त्यातला वेगळाच शेरा आठवत असेल.

ऋता : हेच तर! परत परत का जायचे? पाठ होतं म्हणून? आज काय म्हणतो हे बघायला जायचे.

दादा : आणि मी म्हणतो, नुकसान केवढं झालं. शिवाय एक शंका घेऊ? बाबा जे सांगायचे ते खरंच इतकं भारी होतं, की बाबाच सांगायचे भारी? पुरावा नाही. हॉलमधून आलेला माणूस नेहमी म्हणतो, तुम्ही असायला हवं होतं. हे म्हणजे मासा हातातून निसटला त्याची लांबी.

ऋता : 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घे मग. तुझ्याकडे कॅसेट आहे.

दादा : आहे. लक्ष्मण देशपांडे. एकटा माणूस, बावन्न पात्रं.

ऋता : ते २००९ ला गेले. आता संदीप पाठक करतात. तू बघितलंस?

दादा : गेलो होतो. पहिला अर्धा तास माझ्या कानात देशपांडेच बोलत होते. समोरचा बोलायच्या आधी वाक्य माझ्या डोक्यात येऊन पडायचं. मी बघत नव्हतो, ताडून बघत होतो. तपासनीसासारखा.

ऋता : आणि नंतर?

दादा : नंतर बाजूची बाई इतकी हसायला लागली की मला देशपांडे ऐकू येईनात.

हे सांगताना तो हरल्यासारखा दिसला नाही. थोडा आश्चर्यात होता. वहिनी ताटं उचलत म्हणाली, "तुम्ही दोघं विनोदावर इतकं गंभीर बोलता की मला भीती वाटते." तिचा पक्ष वेगळाच. तिला 'हास्यजत्रा' लागते ती मटार सोलताना. घरात कुणीतरी बोलतंय, हसतंय, एवढं तिला पुरे. ऋता म्हणते की टीव्हीवर विनोद झाला की कॅमेरा लगेच हसणाऱ्या परीक्षकांवर जातो, म्हणजे हसायचं कुठे तेही आपल्याला वाढून मिळतं. वहिनी म्हणाली, मिळू दे की, बाकी सगळं मीच वाढते.

त्यानंतरचा भाग मला सरळ सांगता येत नाही, कारण मध्येच दोघांनी बाजू बदलल्या आणि दोघांनाही ते कळलं नाही. विषय मीच काढला, खारच्या हॅबिटॅट या स्टँडअपच्या हॉलचा. २३ मार्च २०२५ ला तिथेच चित्रित झालेला स्टँडअप कलाकार कुणाल कामराचा व्हिडिओ आला. त्यातलं एक विडंबनगीत आमच्या ठाण्याच्या एकनाथ शिंद्यांना उद्देशून आहे असं मानलं गेलं आणि त्याच रात्री शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी हॅबिटॅटची मोडतोड केली. त्याच्या दहा वर्षं आधी एआयबी या विनोदी गटाच्या रोस्टचंही असंच झालं होतं. २०१४च्या डिसेंबरात वरळीला हजारो लोकांसमोर कार्यक्रम झाला, लोक हसून घरी गेले. जानेवारीअखेर व्हिडिओ आला, तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो काढून घ्यावा लागला.

ऋता : दोन्हीकडे हॉलमध्ये काहीही झालं नाही. आत बसलेल्यांनी तिकीट काढलेलं असतं, म्हणजे एक करार असतो : तू बोल, आम्ही ऐकतो, न आवडलं तर हसणार नाही. व्हिडिओ बघणाऱ्यानं असला करार केलेला नसतो. त्याला कुणीतरी चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवतो, तोही रागावण्यासाठीच.

दादा : कामराच्या वेळी प्रेक्षकांनाही पोलिसांनी बोलावल्याच्या बातम्या होत्या ना?

ऋता : साक्षीदार म्हणून.

दादा : पैसे भरून हसायला जायचं आणि साक्षीदार होऊन यायचं! मग रेकॉर्डच करू नये. खोलीतलं खोलीत राहू दे. आमच्या वेळी मांडवात कथाकार आमदाराला काय काय बोलायचे! सकाळी सगळे विसरलेले असायचे.

ऋता : असं कसं? मग सत्तेतल्या माणसावर कुणी काय बोललं ते फक्त खारमध्ये पाचशे रुपये भरणाऱ्यांनी ऐकायचं का? ज्याला कल्याणहून जाता येत नाही, ज्याची शेवटची गाडी चुकेल, त्यानं ऐकायचंच नाही? रेकॉर्डिंग हवंच.

दादा : आणि मोडतोड झाली की?

ऋता : मोडणाऱ्याला पकडायचं. कॅमेऱ्याला कशाला दोष?

मी पाणी प्यायले. मघापासून कॅसेटची बाजू लढवणारा माणूस टेप बंद ठेवा म्हणत होता आणि हॉलवाली कॅमेरा चालू ठेवा म्हणत होती. मला विचाराल तर दोघंही तेव्हाच सगळ्यात खरं बोलत होते. त्याआधी दोघं आपापल्या आवडीची वकिली करत होते.

चहाच्या वेळी दादा आतल्या खोलीतून एक सी-नव्वद कॅसेट घेऊन आला. वर निळ्या शाईत 'गणपती १९८६'. त्याचा टू-इन-वन अजून चालतो, फक्त पट्टा सैल झालाय, त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट सगळे झोपेतून उठल्यासारखे बोलतात. मग आवाज जागेवर येतो. मांडवातला भोंगा, लांबवर कुणाचं तरी रडणारं मूल, आणि एक कथाकार : बैल विकायला बाजारात गेलेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट. ऋता आधी सौजन्यानं ऐकत होती, पाचव्या मिनिटाला खरंच ऐकायला लागली. फोन तिनं उपडा ठेवला.

"हा कोण गाढव?" मध्येच ती म्हणाली. "प्रत्येक पंचच्या आधी हसतोय. अर्धा सेकंद आधी. सगळा टायमिंग घालवतोय."

खरंच, टेपच्या अगदी जवळ एक माणूस दर वेळी सगळ्या मांडवाच्या आधी हसत होता. दादा बशीत चहा ओतण्यात गुंतला होता.

"अजून ओळखलं नाहीस?" वहिनी म्हणाली. "आदल्या वर्षी अंबरनाथला जाऊन हीच गोष्ट ऐकून आला होता. टेप याच्याच मांडीवर."

ऋता इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात गोष्ट शेवटाला आली. बाजार उठलेला, बैल विकला गेलेला, शेतकरी कमरेला पैसे बांधून गावच्या वेशीवर पोचलेला, आणि समोर बघतो तर... खट्. बटण वर आलं.

"साइड संपली," दादा म्हणाला. "उलटून घालीपर्यंत शेवट होऊन गेला होता. बी साइड टाळ्यांनीच सुरू होते."

"मग शेवट काय?"

दादानं बशी खाली ठेवली, उभा राहिला, उपरणं नसलेल्या खांद्यावर उपरणं सारखं केलं आणि वेशीवरच्या शेतकऱ्याच्या आवाजात बोलायला लागला. दोनेक मिनिटं. समोर त्याचा सासरा निघाला, ज्यानं तोच बैल दुप्पट किमतीला घेतला होता, जावयाला भेट द्यायला. शेवटच्या वाक्याआधी दादा इतका वेळ थांबला की आम्ही तिघी पुढे झुकलो.

हसणं ओसरल्यावर वहिनी म्हणाली, "मागच्या दिवाळीत वेशीवर बैलच उभा होता."

"आज सासरा सुचला," दादा म्हणाला, आणि त्यानं कॅसेट उलटून बटण दाबलं. पट्टा सैल, म्हणून टाळ्या आधी हळूहळू आल्या, मग सगळा मांडव वाजायला लागला.